सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली: रिपोर्ट हातात घेऊन पुढं काय करायचं

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करणारा डॉक्टर आहे. माणसं येतात ती पित्ताचे खडे बघायला, मुतखड्यासाठी, नाहीतर पाळीच्या तक्रारीसाठी. खडा शोधता शोधता लिव्हरवर भलतंच काहीतरी दिसतं आणि रिपोर्टात एक ओळ पडते: लिव्हरच्या उजव्या भागात एस.ओ.एल. त्याचा अर्थ जागा व्यापणारं काहीतरी आहे, इतकाच. कॅन्सर हा शब्द त्यात कुठंच नाही. पण रिपोर्ट घेऊन माणूस एस.टी.तून घरी पोचेपर्यंत तो शब्द कुणीतरी जोडतं. बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, त्यामुळं आमच्याकडं "बार्शीला न्या" असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच अर्थ कळतो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका बाईच्या रिपोर्टवर एवढीच ओळ लिहून मोकळा झालो होतो. गाठ १८ मिलिमीटरची होती. नवऱ्यानं बैलजोडी विकली, मोठ्या शहरात नेलं, दोन महिने तपासण्या झाल्या, आणि निघाला हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी गुंता. आनंदच झाला सगळ्यांना, पण बैल गेले ते गेलेच. मी त्या दिवशी चार मिनिटं जास्त बोललो असतो तर ते वाचले असते. तेव्हाची ती चार मिनिटं मी आज इथं लिहितोय, ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पहिल्यांदा आलाय त्यांच्यासाठी.

आधी रिपोर्ट वाचा, शेवटची ओळ नव्हे, मधला मजकूर

सगळे जण खाली ठळक अक्षरात लिहिलेला निष्कर्ष बघतात. खरी माहिती वरच्या परिच्छेदात असते. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोरांकडून वाचून घ्या आणि पुढच्या गोष्टी शोधा.

माप. ते मिलिमीटरमध्ये आहे की सेंटिमीटरमध्ये, हे नीट बघा. १८ मिलिमीटर म्हणजे १.८ सेंटिमीटर, बोरापेक्षा लहान. "अठराची गाठ आहे" असं म्हणत घाबरलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

जागा. लिव्हरचे आठ भाग मानतात, त्यांना सेगमेंट म्हणतात. मराठवाड्याचे जिल्हे आठ, लिव्हरचे सेगमेंटही आठ, असं लक्षात ठेवा. जिल्हा कळला की माणूस शोधायला सोपा, तसाच सेगमेंटचा आकडा कळला की पुढच्या तपासणीत तीच गाठ पुन्हा सापडते. आकडा लिहिलेला नसेल तर रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

रंग. सोनोग्राफीत लिव्हर करड्या रंगाचं दिसतं. गाठ त्याहून पांढरी दिसली तर रिपोर्टात हायपरएकोइक लिहितात, काळपट दिसली तर हायपोएकोइक, आणि पाण्यासारखी पूर्ण काळी दिसली तर अ‍ॅनएकोइक. तुमचं लिव्हर एरवी निरोगी असेल, गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा लहान, एकसारखी पांढरी, काठ रेखीव, गाठीच्या मागची बाजू जरा उजळ, आणि भोवती काळं कडं नाही, असं सगळं जुळलं तर तो हिमँजिओमाच असतो आणि निदानाला सोनोग्राफी पुरते. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे त्या बाईला शहरात जायची गरजच नव्हती.

यात एक मेख आहे. आजकाल शुगरवाल्या आणि वजनदार लोकांत फॅटी लिव्हर फार. चरबीमुळं सगळं लिव्हरच पांढरट दिसायला लागतं. चुनखडीच्या रानात पांढरा खडा उठून दिसत नाही, तसा अशा लिव्हरमधला हिमँजिओमा उलट काळपट दिसू शकतो आणि मग शंका येते. शिवाय पित्ताशयाच्या शेजारी लिव्हरचा एखादा तुकडा चरबीतून सुटतो. तो आजूबाजूपेक्षा काळा दिसतो, पण ती गाठच नसते. तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सरळ जातात, ढकलल्या जात नाहीत, यावरून ओळखायचं. रिपोर्टात फोकल फॅटी स्पेअरिंग असं लिहिलेलं असेल तर ते हेच.

सोनोग्राफी भरल्या पोटी झाली असेल तर ती पुन्हा करणं केव्हाही चांगलं. सहा ते आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. दुपारी बाजार करून, भजी खाऊन आलेल्या माणसाच्या पोटात गॅसच जास्त दिसतो.

मग स्वतःला चार प्रश्न विचारा

गाठ साधी आहे की नाही हे निम्मं गाठीवर ठरतं, निम्मं ती कुणाच्या पोटात आहे त्यावर. हाच पांढरा ठिपका तीस वर्षांच्या निरोगी बाईत असला तर मी निश्चिंत असतो, आणि वीस वर्षं दारू पिणाऱ्या माणसात असला तर नसतो.

हिपॅटायटिस बी किंवा सी आहे का, घरात कुणाला होता का? लिव्हर सिरॉसिसनं आकसलंय का, पोटात पाणी झालं होतं का, रक्ताची उलटी झाली होती का? पूर्वी कुठला कॅन्सर झाला होता का, विशेषतः स्तनाचा किंवा आतड्याचा? आणि गेल्या काही महिन्यांत भूक गेली, वजन उतरलं, डोळे पिवळे झाले असं काही आहे का?

यातल्या एकालाही उत्तर "हो" असेल तर हा लेख वाचून घरी बसू नका. तुमची गाठ साधी असू शकते, पण ती साधी आहे हे सिद्ध करावं लागेल, तेही लवकर. दारूची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. सोबत सासरा असेल, गावचा माणूस असेल तर लाज वाटते, मला ठाऊक आहे. अशा वेळी "मला एकट्याला बोलायचंय" म्हणा. आम्ही बाकीच्यांना बाहेर बसवतो.

बायकांनी आणखी एक सांगायचं: पाळणा लांबवायच्या गोळ्या किती वर्षं घेतल्या. आणि व्यायामशाळेत अंग भरायची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनी ती सांगायची. का, ते पुढं येईल.

रक्त तपासणी

लिव्हर फंक्शन, हिपॅटायटिस बी आणि सी, रक्तपेशींची मोजणी, आणि अल्फा फिटोप्रोटीन, म्हणजे ए.एफ.पी., लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं एक प्रथिन. साध्या गाठीत हे सगळं बहुधा ठीक येतं. मात्र ए.एफ.पी. नॉर्मल आलं म्हणजे कॅन्सर नाहीच, असं धरू नका. लिव्हरचा कॅन्सर असूनही ते नॉर्मल असलेले रुग्ण असतात. रक्तावरून गाठीचं नाव कळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

सीटी सांगितला असेल तर "ट्रायफेजिक" हा शब्द विसरू नका

सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना मी इथं पाहतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

सोनोग्राफीत खात्री झाली नाही तर सीटी किंवा एमआरआय करतात. पण "पोटाचा सीटी" म्हणून साधा काढला, फोटोत रक्ताची वाट उजळवणारं कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता, तर गाठ तेवढी दिसते, ती कसली हे कळत नाही. इंजेक्शन देऊन एकाच वेळेला फोटो काढला तरी बऱ्याचदा तेच. मग पुढचा डॉक्टर म्हणतो, पुन्हा करा. पुन्हा पैसे, पुन्हा किरणं, पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडाली.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. थोडं धमनीतून, जास्तीचं आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून. हातातून दिलेलं औषध आधी धमनीच्या वाटेनं पोचतं, मग शिरेच्या वाटेनं, आणि मग हळूहळू निघून जातं. या तिन्ही वेळांना फोटो घेतात: साधारण ३५ सेकंदांनी, ७० सेकंदांच्या सुमारास आणि मग काही मिनिटांनी. हाच ट्रायफेजिक सीटी. प्रत्येक गाठीची पाणी प्यायची रीत वेगळी, आणि त्या रीतीवरूनच तिची ओळख पटते.

हिमँजिओमाची रीत शेतकऱ्याला लगेच समजते. वाफ्यात पाणी सोडलं की ते आधी कडेच्या सरीत साचतं आणि मग हळूहळू मधे सरकत वाफा भरतो. हिमँजिओमा तसाच काठाकाठानं तुकड्यातुकड्यानं भरतो आणि शेवटच्या फोटोत मधेपर्यंत उजळतो. लिव्हरचा मूळ कॅन्सर बहुधा उलटं करतो: पहिल्या फोटोत झटकन उजळतो आणि पुढच्या फोटोंत आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळा पडतो. एकच फोटो काढला तर हा फरक कसा दिसणार?

म्हणून चिठ्ठीवर ट्रायफेजिक लिहिलंय का ते बघा, नसेल तर विचारा. सीटीच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का हे दाखवणारी रक्ताची तपासणी, करून घ्या, कारण औषध किडनीतून बाहेर पडतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, दमा असेल, पूर्वी अशा इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर खोलीत शिरण्याआधी सांगायचं. औषध जाताना अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, लघवी झाल्याचा भास होतो. ते नेहमीचं आहे, घाबरू नका.

एमआरआयमध्ये किरणं नसतात, आणि गाठ ओळखायला तो बऱ्याचदा सीटीपेक्षा सरस. वेळ जास्त लागतो, आवाज मोठा येतो. पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर आधी सांगायचं. तरुण बाईत गाठीची शंका असेल आणि परवडत असेल तर मी सीटी टाळून थेट एमआरआय सुचवतो.

आता गाठींची नावं

हिमँजिओमा सगळ्यात जास्त आढळतो, पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. त्याचा कॅन्सर होत नाही. बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास नाही, औषध नाही, ऑपरेशन नाही, आणि नमुनेदार असला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत बसायचीही गरज नाही. फार मोठा असेल, दुखत असेल किंवा वाढत असेल तरच तज्ज्ञाकडं जायचं.

त्याच्या खालोखाल फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, थोडक्यात एफ.एन.एच. हाही बहुधा तरुण बायकांत. मधोमध चांदणीसारखा व्रण दिसतो. हा लिव्हरच्याच पेशींचा उंचवटा, यातही कॅन्सर होत नाही, याला सोडून द्यायचं.

अ‍ॅडिनोमा मात्र वेगळा. दिसायला एफ.एन.एच.सारखा, पण तो फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित त्याचा कॅन्सरही होतो. गर्भनिरोधक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या बायका आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणारे पुरुष यांच्यात तो दिसतो. बाईला असेल तर गोळ्या बंद, वजन कमी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. ५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, वाढत असेल तर काढतात. पुरुषात असेल तर लहान असला तरी काढायचाच सल्ला देतात. एफ.एन.एच. आणि अ‍ॅडिनोमा यांच्यात फरक करायला एमआरआयचं एक खास औषध असतं, लिव्हरच्या पेशी जे ओढून घेतात. एफ.एन.एच. ते धरून ठेवतो, अ‍ॅडिनोमा बहुधा धरत नाही.

आणि पाण्याची गाठ. इथं आमच्या भागात मोठा घोटाळा होतो, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण हेच नाव देतो.

एक असते साधी सिस्ट: पातळ भिंतीची, आत स्वच्छ पाणी. ती जन्मजात ठेवण असते. त्रास नसेल तर विसरून जा.

दुसरी हायडॅटिड. ही जंताची गाठ. जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती शेळ्यामेंढ्यांच्या पोटात गेली की त्यांच्या लिव्हर-फुफ्फुसात गाठी होतात. बकरं कापलं की तसलं खराब काळीज कुत्र्यापुढं टाकायचं, आणि चक्र पुन्हा सुरू. न धुतलेल्या भाजीतून, कुत्र्याला हात लावून तसंच जेवल्यामुळं ती अंडी आपल्या पोटात जातात. शेळ्यामेंढ्या आणि राखणीची कुत्री ज्या घरात आहेत, त्यांनी सोनोग्राफीच्या वेळी हे आपणहून सांगावं. गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. सोनोग्राफीत कधी भिंत दुपदरी दिसते, कधी आत लहान लहान पिल्लं गाठी दिसतात, द्राक्षांच्या घडासारख्या. जुनी, मेलेली गाठ चुन्यासारखी टणक होते आणि तिला बहुधा नुसतं बघत राहायचं असतं. जिवंत गाठीला अल्बेंडाझोलच्या गोळ्या, विशिष्ट पद्धतीनं सुई घालून उपचार, किंवा ऑपरेशन, हे तिच्या अवस्थेवर ठरतं. गोळ्या चालू असताना लिव्हर आणि रक्तपेशी तपासत राहावं लागतं. आणि नुसतं "पाणी काढून बघू" म्हणून हिच्यात कुणालाही सुई घालू देऊ नका. पाणी पोटात सांडलं तर अंगभर अ‍ॅलर्जी उसळून जीव धोक्यात येतो आणि गाठी पोटभर पसरतात. सुई घालायचीच तर ते सगळी तयारी ठेवून, गोळ्यांच्या आडोशानं, जाणत्या हातानंच व्हायला हवं.

गाठीबरोबर ताप असेल, थंडी वाजत असेल, उजव्या बरगडीखाली हात लावू देत नसेल, तर आधी पू धरल्याचा विचार करायचा. अमिबामुळं होणारा लिव्हरचा गळू आपल्याकडं नवा नाही. ती कॅन्सरची गाठ नसते, पण वाट बघायचीही नसते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुईची तपासणी आणि ऑपरेशन: घाई कुणाची आहे ते ओळखा

"तुकडा काढून तपासू" हे पहिलं पाऊल नसतं. नमुनेदार हिमँजिओमात सुई घालत नाहीत, रक्तस्रावाचा धोका असतो. हायडॅटिडचं वर सांगितलंच. चांगला सीटी किंवा एमआरआय होऊनही नाव कळत नसेल तेव्हा बायोप्सी योग्य, आणि तीही रक्त गोठण्याची तपासणी करून, सोनोग्राफी किंवा सीटीत बघत.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं उघडकीला आलं, सरकारनं चौकशी समिती नेमली. कित्येकींनी सांगितलं, आम्हाला कॅन्सरची भीती घातली होती. ती बातमी वाचल्यापासून "लगेच काढा नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. साध्या गाठीचं ऑपरेशन आठ-पंधरा दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही. तेवढ्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

गाठ विरघळवणारी पुडी देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. हिमँजिओमा कुठल्याच पुडीनं विरघळत नाही, आणि आपण गिळलेलं औषध शेवटी त्याच लिव्हरला पचवावं लागतं. अगदी गुळवेलीमुळंही काहींच्या लिव्हरला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवलंय.

कुठं जायचं, काय न्यायचं

छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरीतलं, लातूरचं आणि अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपल्या भागातली जुनी ठिकाणं. धाराशिव, परभणीलाही आता महाविद्यालयं झाली आहेत. पोटविकारतज्ज्ञ, म्हणजे गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्ट, कुठल्या वारी बसतात हे आधी विचारून निघा. दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

फिल्मपेक्षा सीडी महत्त्वाची. सीटीचे शेकडो फोटो असतात, फिल्मवर थोडेच छापतात. सीडी मागून घ्या, तिच्यावर नाव आणि तारीख घाला. फिल्म टपावर, उन्हात ठेवू नका. जुने सगळे रिपोर्ट न्या, अगदी बाळंतपणाच्या वेळची पोटाची सोनोग्राफी असली तरी. पाच वर्षांपूर्वीही तेवढीच गाठ होती, हा एक कागद सापडला तर त्यासारखा पुरावा नाही. आणि मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर गाठ वाढली असं समजू नका. मशीन बदललं, हात बदलला, की एवढं होतं.

लग्नाळू मुलींचे वडील येतात, आवाज खाली करून विचारतात: "साहेब, पोरीचं जमायचंय, आता काय सांगायचं?" हिमँजिओमा असेल तर लग्नाला, दिवस राहायला, बाळंतपणाला आडकाठी नाही. जालन्याकडच्या एका बापाला हे तीनदा सांगितलं तरी त्याचा हात थरथरत होता. शेवटी त्यानं रिपोर्ट उलटा केला आणि म्हणाला, इथं मराठीत लिहून द्या, तिच्या आईला वाचून दाखवतो. मी लिहिलं: "ही रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे. कॅन्सर नाही, होणारही नाही. औषध नको, पथ्य नको. पोट फार दुखलं तरच या." खाली सही, तारीख, शिक्का. आता माझ्याकडच्या अशा प्रत्येक रिपोर्टच्या पाठीमागं हे लिहिलेलं असतं. तुमच्या डॉक्टरांनाही तसं लिहून मागा.